अंगणातले चर

मिनेसोटातील आमच्या घरामागे सुमारे अर्धा एकर जमीन मोकळी आहे, म्हणूनच घर तापवण्याच्या भूऔष्णिक यंत्रणेसाठी खोल बोअर न घेता आडव्या नळ्या पुरणे आम्हाला शक्य झाले. ‘भूऔष्णिक’ म्हटले की आपल्याला वज्रेश्वरीची कुंडे आठवतात. परंतु दोन मीटर खोलीवर मिळणारी ऊब मुख्यतः उन्हाळ्यात मातीत मुरलेल्या सूर्याच्या उष्णतेची असते आणि हीट पंप तीच उपसून घरात आणतो.

येथील दक्षिण भागात इमारतीचा पाया किमान 42 इंच खोल घ्यावा लागतो, कारण थंडीत जमीन तेवढी गोठू शकते. आमचे चर त्याहून खोल, सहा फूट ठेवले. खोदण्यापूर्वी 811 वर (जमिनीखालच्या वाहिन्यांची जागा दाखवून देणाऱ्या सेवेचा फोन क्रमांक) कळवल्यामुळे गॅसवाहिनीवर पिवळ्या आणि वीजवाहिनीवर लाल खुणा करून मिळाल्या. चार टनांच्या पंपासाठी (हा टन एसीचाच) चार चर खणले आणि प्रत्येकात पाऊण इंची पॉलिथिलीन नळीची वेटोळी एकमेकांवर सरकवून अंथरली. जमिनीखालचे सांधे वितळवूनच जोडतात. तेथे क्लॅम्प चालत नाही. मार्चपर्यंत माती इतकी थंडावते की नळीतील द्रव शून्याखाली जाऊ शकतो, म्हणून तो गोठू नये यासाठी पाण्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळावे लागते.

माझ्या मते खरी कसोटी चर बुजवताना लागते. आमच्या कंत्राटदाराच्या माणसांनी पहिल्या चरात दगडगोट्यांसकट माती लोटायला सुरुवात केली, तेव्हा मी काम थांबवले. अणकुचीदार दगड नळीला इजा करतो, हे एक. शिवाय ढेकळांमध्ये हवेच्या पोकळ्या राहिल्या की माती आणि नळी यांचा संपर्क तुटतो आणि महागडा पंपही हतबल होतो. मग नळीभोवती बारीक माती हाताने पसरली, थोडे पाणी मारून ती बसवली आणि नळीत दाब कायम ठेवून गेजवर लक्ष ठेवले, म्हणजे एखादा सांधा गळलाच तर तो उघडा असतानाच कळावा. सहा फूट खोल उभ्या चरात आधाराशिवाय कोणालाही उतरू देऊ नये. आम्ही कडा उतरत्या करून घेतल्या होत्या.

एवढे करूनही वसंतात चरांवरची जमीन वीतभर खचलीच. दोन ट्रक माती टाकून गवत पेरले. त्याआधी घराच्या कोपऱ्यांपासून प्रत्येक चराचे अंतर मोजून काढलेला नकाशा आता विजेच्या पेटीच्या झाकणामागे चिकटवला आहे, कारण पुढच्या वर्षी कुंपणाचे खांब रोवायचे आहेत.