डावी भुवई

भुवया करून घ्यायला मी दुपारीच जाते. मे महिन्यात सोलापुरात दुपारी अडीच वाजता पार्लरमध्ये चिटपाखरू नसतं. पारा 42 च्या पुढे, रस्त्यावर रिक्षासुद्धा नाही, कूलरमधून वाळ्याचा वास येत असतो आणि पार्लरवाली मुलगी निवांत असते. घाईतल्या माणसाच्या हातात आपली भुवई देऊ नये, असं माझं मत आहे. एकदा दिली होती. महिनाभर मी सतत दचकल्यासारखी दिसत होते.

तर त्या दिवशी उजवी झाली होती. डावीवर तिचा दोरा चालू होता, एक टोक दातात, आणि मी उघड्या डोळ्याने भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होते. आवाज बंद. कुठला तरी जुना पिक्चर, नाव कळायला मार्ग नव्हता. पण पडद्यावरच्या बाईने मान तिरकी केली, डावी भुवई वर चढवली, ओठाच्या एकाच कोपऱ्याने हसली, आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाले.

"हलू नका की हो काकू! कापलं असतं."

"अगं, शशिकला!"

"कोण?"

"शशिकला. आपल्या सोलापूरची."

"हो का," म्हणाली आणि परत दोरा दातात धरला.

ते "हो का" मला लागलं. आमच्या लहानपणी "आपल्या सोलापूरची" म्हटलं की बास होतं. चादर आपल्या सोलापूरची, शेंगाचटणी आपल्या सोलापूरची आणि शशिकला आपल्या सोलापूरची. आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं होती, आणि ती लहानपणी नेमकी कुठल्या गल्लीत राहायची यावर त्यातली तीन एकमेकांशी भांडायची. तिघांचेही पुरावे सारखेच: "आमची आजी सांगायची." नाटकाची आवड असणारे लोक फैयाजचं नाव घ्यायचे. तीही इथलीच, 'कट्यार काळजात घुसली'मधली झरीना. पुढे 2015 च्या बेळगावच्या नाट्यसंमेलनाची अध्यक्ष झाली. पण आमच्या अक्काला नाटकाचं तिकीट परवडत नसे. पिक्चरचं परवडायचं, तेही मॅटिनीचं.

अक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी सासरहून आली ती परत गेली नाही. ओसरीवर शिलाई मशीन टाकून अख्ख्या वाड्याची पोलकी शिवायची. तिचा एक नियम होता. पिक्चरमध्ये शशिकला असेल तरच जायचं. आणि दुसरा नियम, जाऊन तिला शिव्या घालायच्या, कारण ती खलनायिका असायची. कैदाशीण, सटवी, अवदसा, टवळी. माझा शब्दसंग्रह शाळेत वाढला नाही, बायकांच्या बाकड्यांवर वाढला. आजूबाजूच्या बायकाही कमी नसत. मीनाकुमारी रडायला लागली की सगळ्या नाकाला पदर लावायच्या. शशिकला दारात दिसली की पदर कमरेला खोचला जायचा.

मला मात्र ती भुवई हवी होती. तेव्हाही आणि, खरं सांगायचं तर, आजही. दोन्ही भुवया वर करणं कुणालाही जमतं, त्याने माणूस फक्त भोळा दिसतो. एकच वर करायला आतून काहीतरी पाहिजे. मी आरशासमोर उजवी बोटाने दाबून धरायची आणि डावीला सांगायची, चल. कपाळाला आठ्या पडायच्या, कान हलायचे. हो, कान हलतात माझे, पण त्याचा स्त्रीजन्मात उपयोग काय? भुवई जागची हलायची नाही.

"काय करायलीस गं आरशापुढं?" अक्काने एकदा पकडलं.

"शशिकला."

पाठीत धपाटा बसला. "तिला त्याचे पैशे मिळतात. तुला मार मिळंल."

पैसे तिला मिळाले असतील, पण सुखासुखी नाही. माहेरची ती जावळकर. 4 ऑगस्ट 1932 चा जन्म. पाच वर्षांची असल्यापासून जिल्ह्यातल्या गावोगावी स्टेजवर नाचायची, गायची, कामं करायची. मग वडिलांचा धंदा बुडाला आणि सगळं कुटुंब मुंबईला गेलं. तिथे स्टुडिओंचे उंबरे झिजवता झिजवता ती नूरजहाँच्या नजरेस पडली, आणि 1945 च्या 'झीनत'मध्ये कव्वालीला बसलेल्या मुलींच्या घोळक्यात तिला जागा मिळाली. 'आहें न भरीं शिकवे न किए.' तेव्हा ती असेल बारा-तेरा वर्षांची. श्यामाही त्याच घोळक्यात आहे. ही कव्वाली मी मोबाइलवर कितीदा तरी पाहिली आहे आणि दर वेळी त्यातली वेगळीच मुलगी "हीच" म्हणून पक्की केली आहे. भुवईवरून ओळखावं म्हटलं तर त्या वयात कुणाचीच भुवई चढलेली नसते.

पुढची कितीतरी वर्षं मिळेल ते काम. शांतारामबापूंच्या 'तीन बत्ती चार रास्ता'त होती, 1953 साली. बिमल रॉयच्या 'सुजाता'त होती, 1959 साली, आणि त्यात ती चक्क चांगली आहे! नूतनची बहीण. 'बचपन के दिन भी क्या दिन थे' म्हणत घरभर बागडणारी, अवखळ, मायाळू पोरगी. आम्ही 'सुजाता' उलट्या क्रमाने, म्हणजे तिचे सगळे दुष्टपणे बघून झाल्यावर पाहिला, आणि अक्काची फार पंचाईत झाली. पहिल्या रिळापासून ती सावध बसलेली. शशिकला हसली की "बघ, आता काहीतरी करणार." नूतनच्या गळ्यात पडली की "हे गोड बोलणं साधं नाही." कुणी चहाचा कप उचलला तरी अक्काचा श्वास अडकायचा, हिने त्यात काही घातलं तर नसेल? पिक्चर संपला. शशिकलाने कुणाचं काडीचंही वाईट केलं नाही. "फुकट गेले पैशे," असं म्हणत अक्का घरापर्यंत फणफणत आली.

'आरती'ने मात्र तिचे पैसे दामदुपटीने वसूल करून दिले. 1962 चा, राजश्रीचा. त्यात शशिकला मीनाकुमारीची जाऊ आहे आणि हसत्या घराला काडी लावते. फिल्मफेअर मिळालं तिला, आणि पुढच्याच वर्षीच्या 'गुमराह'साठी परत. लागोपाठ दोन. अक्काने 'आरती' चारदा पाहिला. चारही वेळा मी सोबत होते आणि चारही वेळा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाकीच्या पिक्चरमध्ये शिव्यांचा पट्टा चालवणारी अक्का 'आरती'त तोंडातून शब्द काढत नसे. हात मांडीवर, नजर पडद्यावर. सासरी तिला एक जाऊ होती एवढं आम्हा पोरांना माहीत होतं. त्याहून जास्त विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

आणि 'गुमराह'. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, पण पाण्याची धास्ती कुणाच्या मनातून गेली नव्हती. आमच्या नळाला तीन वाजता पाणी यायचं आणि अर्ध्या तासात जायचं. मॅटिनी बाराची. मधे दोनदा रीळ तुटलं. पडद्यावर मालासिन्हाची पार दैना झालेली. लग्नानंतरही ती सुनील दत्तला चोरून भेटते हे लीलाला, म्हणजे शशिकलाला, कळलंय, आणि ती तिला पिळून काढतेय. पैसे दे, अंगठी दे, नाहीतर नवऱ्याला सांगते. भुवई अशी चढलेली की खाली येईल असं वाटतच नाही. नवरा अशोककुमार, अक्काचा देव. अक्का खुर्चीच्या टोकावर. आणि तेवढ्यात तिने घड्याळात पाहिलं, स्वतःचं नव्हतं म्हणून बाजूच्या बाईच्या मनगटावरच्या घड्याळात, आणि माझा दंड धरून उठवलं. "चल. घागरी रिकाम्या हाईत."

अशा रीतीने आम्ही 'गुमराह'चा शेवट न बघता घरी आलो. पाणी आलंच नाही त्या दिवशी.

त्यानंतर दहा-बारा वर्षं अक्काने लीलाला पुरवून पुरवून शिव्या घातल्या. दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले, लीला. भाडेकरूने वीजबिल थकवलं, लीला. शशिकला पुढे 'अनुपमा'त किती गोड होती, 'फूल और पत्थर'मध्ये 'शीशे से पी'वर कशी नाचली, 'खूबसूरत'मध्ये तर घरातलीच वाटते, यातलं काही तिच्या लेखी मोजलं गेलं नाही. ती कलकत्त्याला मदर तेरेसांकडे जाऊन रोग्यांची सेवा करते असं छापून आलं, तेव्हा मात्र अक्काने पेपर बाजूला ठेवून मान हलवली. "फेडायलीय बिचारी." काय फेडतेय असं मी विचारलं नाही. अक्काच्या हिशेबात मालासिन्हाची अंगठी अजून बाकी होती.

2007 ला पद्मश्री मिळाली ते बघायला अक्का नव्हती. 4 एप्रिल 2021 ला शशिकला गेली, अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन. करोनाचे दिवस, पेपरात रोज इतकी माणसं जात होती की कुणासाठी थांबावं कळत नव्हतं. मी थांबले. घरात कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण ज्याला सांगावं असं माणूस घरात उरलं नव्हतं.

पार्लरमधल्या मुलीने आरसा धरला. "बघा काकू, दोन्ही सारख्या झाल्या." झाल्या होत्या. मी पैसे दिले, छत्री उघडली आणि उन्हात निघाले. तोवर टीव्हीवर कुठली तरी मालिका लागली होती, तिच्यातल्या खलनायिकेची साडी पाच हजारांची तरी असेल, पण भुवई? रंगवलेली.

हां, तर शेवट. कॉलेजात असताना गणपतीत वाड्याने वर्गणी काढून व्हीसीआर आणला होता, रात्रभरासाठी तीन कॅसेटी. तिसरी 'गुमराह'. ती लागेपर्यंत अक्का भिंतीला टेकून घोरत होती. आम्ही दोघी-तिघीच जाग्या होतो. मी शेवट पाहिला आणि पहाटेपर्यंत मला झोप आली नाही. सकाळी अक्का चुलीशी, म्हणजे तेव्हा गॅस आला होता पण ती चूलच म्हणायची, चटणीसाठी शेंगदाणे भाजत होती. मी शेजारी पाटावर बसले.

"अक्का, ती लीला होती ना, शशिकला, ती खरी तशी नव्हती गं. अशोककुमारची सेक्रेटरी होती. त्यानंच तिला पाठवलं होतं बायकोकडं."

उलथणं थांबलं. "कुणी?"

"अशोककुमारनं. नवऱ्यानं. शेवटी तोच सांगतो तिला."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं, आता तरी शशिकला सुटणार.

"म्हणजे त्याला सगळं ठावं होतं," अक्का म्हणाली. "आणि बाईला तसंच तळमळत ठेवलं."

"अगं, तिनं सुधारावं म्हणून..."

"ठावं असतंय त्यांना," ती कढईत बघत म्हणाली. "जावा-नणंदांचं नाव होतंय. पर त्यांना सगळं ठावं असतंय."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"बोलत काय बसलीस? शेंगा करपायल्यात. गॅस बारीक कर."