नोकरी सांभाळून सर्टिफिकेट कोर्स करायचाय?

मी गेल्या वर्षी युनिव्हर्सिटीचा डेटा ॲनालिटिक्सचा सर्टिफिकेट कोर्स केला आणि तेव्हापासून अर्धं ऑफिस विचारतंय, करू का म्हणून. करा की, पण आधी क्रेडिट (केलेल्या अभ्यासाचे युनिव्हर्सिटी मोजून देते ते पॉइंट) मिळतात का ते बघा. क्रेडिटवाला असेल तर पुढेमागे डिप्लोमा किंवा मास्टर्स करताना ते बऱ्याचदा धरले जातात (हे लेखी विचारून घ्या, फोनवर सगळे हो हो म्हणतात), नॉन-क्रेडिट असेल तर शिकायला मिळतं, कागद मिळतो, बास.

दुसरं म्हणजे वेळ. युरोपातल्या ईसीटीएस या क्रेडिट मोजायच्या पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास अभ्यास, म्हणजे १० क्रेडिटचा कोर्स झाला अडीचशे-तीनशे तासांचा, आणि आपण मात्र फक्त लेक्चरचे तास मोजून म्हणतो हे काय, रविवारी उरकेल! मी पण हेच म्हणालेले. मग रविवारी रात्री पावणेबाराला लॅपटॉप मांडीवर, चार्ट काही केल्या नीट येईना, बाराची डेडलाइन, आणि अपलोडचं ते गोल गोल फिरतंय नुसतं. कशीबशी गेली फाईल, तीही जुनी व्हर्जन.

कॉलेजवाल्यांचं जरा वेगळं आहे, त्यांना अभ्यासाची सवय असते पण हातात खरं काम नसतं, त्यामुळे शेवटी प्रोजेक्ट असलेलाच कोर्स घ्या, इंटरव्ह्यूत दाखवायला काहीतरी होतं. माझ्या इंटरव्ह्यूत सर्टिफिकेट कोणी उघडूनसुद्धा बघितलं नाही, प्रोजेक्टवर मात्र चांगला अर्धा तास पिळलं.