केबल कुठल्या भोकात आहे?

देवगडच्या घरी, आंब्याच्या पेट्या ठेवायच्या खोलीत एक जुना पीसी पडून होता. परवा पावसानं अडकवलं, म्हणून त्यावर ओपनबीएसडी ही लिनक्ससारखी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला बसलो. इन्स्टॉलर विचारतो, कोणता नेटवर्क इंटरफेस, म्हणजे नेटची केबल लावायचं कोणतं कार्ड? समोर नावं: आरई०, ईएम०, व्हीलॅन०. लिनक्समध्ये कार्डाला मिळणाऱ्या जुन्या ईटीएच० या नावाची सवय असलेल्याला हे कोडंच. इथे नाव ड्रायव्हरवरून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवरून, पडतं: आरई म्हणजे रिअलटेक, ईएम म्हणजे इंटेल, आणि पुढचा आकडा शून्यापासून. व्हीलॅन० तर कार्डच नव्हे, नुसतं सॉफ्टवेअरमधलं आभासी.

मदरबोर्डवरचं रिअलटेक, वर मी कधीतरी खोचलेलं इंटेल. इंटेल भारी, म्हणून ईएम० निवडलं. डीएचसीपीकडून, म्हणजे राउटर आपोआप देतो तो, नेटवर्कचा पत्ता येईना. लाइट दोनदा गेली, दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात. राउटरला शिव्या घालून झाल्या. शेवटी प्रश्नाच्या जागी उद्गारचिन्ह टाइप करून शेल (कमांड द्यायची जागा) उघडला आणि कार्डांची स्थिती दाखवणारी आयएफकॉन्फिग कमांड देऊन बघितलं. ईएम०खाली 'नो कॅरिअर' (जोडणीच नाही), आरई०खाली 'अ‍ॅक्टिव्ह'. केबल दुसऱ्याच भोकात!

आई चहा घेऊन आली. म्हणाली, "अरे, वायर तूच लावलीस ना?"

मग एक्झिट करून परत आलो, आरई० निवडलं, 'ऑटोकॉन्फ' (पत्ता आपोआप घे) दिलं, क्षणात पत्ता मिळाला. केबल बदलायला मागे वाकावं लागलं असतं, आणि तिथे पाली आहेत. वायफायच्या वाटेला गेलोच नाही. बऱ्याच वायफाय कार्डांचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाला स्वतःला लागणारं सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरमध्ये नसतं, ते आणायला आधी नेट लागतं.

आता इटीसीत, म्हणजे सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये, आरई०च्या सेटिंगची होस्टनेम.आरई० ही फाइल आहे. आत एकच ओळ.