९५ किलोच्या गड्यानं कुठला घोडा बघावा?

सोलापुरातनं अकलूजच्या बाजारात घोडा बघायला गेलेले लोक आधी रंग न् उंची विचारतात, पण माझ्यासारख्या ९५ किलोच्या गड्यानं आधी पाठ बघावी. ढोबळ हिशोब असा की स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत पाहिजे, म्हणजे ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलो, झालं, आपण तिथंच बाद. अमेरिकेत २००८ साली छापलेल्या एका अभ्यासात २५-३० टक्के वजनाला घोड्यांचे स्नायू जास्त दुखलेले दिसले. काटकुळा उंच घोडा फोटोत भारी दिसतो ओ, पण आखूड पाठ, रुंद कंबर न् गुडघ्याखाली जाड नळीचं हाड असलेला बुटका घोडा वजन जास्त झेपवतो. व्यापारी "बसा की मालक बिनधास्त" म्हणणारच, त्याला विकायचाय.