कण्हेरीचा पाहुणा आणि सीताअशोक

गॅलरीत तगरीच्या कुंडीखाली मिऱ्याएवढ्या काळपट लेंड्या पडलेल्या दिसल्या की समजायचं, वर कुणाचं तरी जेवण चाललंय. अळी बोटाएवढी, पण रंग पानाचाच, त्यामुळे चटकन सापडत नाही. सापडली आणि काडीने डिवचली, तर डोकं आत ओढते आणि मानेपाशी दोन निळे-पांढरे डोळे वटारते. डोळे अर्थातच खोटे, नुसते ठिपके. तरी आपण काडी मागे घेतोच.

हा कण्हेरीवरचा पतंग, ओलिअँडर हॉक मॉथ. कण्हेर विषारी, गुरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत. ही अळी मात्र तीच पानं फस्त करते, आणि तगर, सदाफुलीही तिला चालते. आपण महामार्गाच्या दुभाजकांवर कण्हेर लावून तिच्या पंगती मांडून ठेवल्या आहेत. याला ना कुणी पूजत, ना कुणाला तो औषधाला हवा. मजेत आहे!

उलट सीताअशोकाचं, म्हणजे खऱ्या अशोकाच्या झाडाचं, नशीब बघा. रामायणात मानाचं स्थान, चैत्र शुद्ध अष्टमीला पंचांगात अशोककलिकाप्राशन. वसंतात जुन्या फांद्यांवर, अगदी खोडावरसुद्धा केशरी घोस फुटतात आणि पुढे लाल होत जातात. फुलांना पाकळ्या नाहीत, तो सगळा रंग निदलांचा, म्हणजे कळी झाकणाऱ्या बाहेरच्या दलांचा. कोवळी पालवी तांबूस, ओल्या फडक्यासारखी लोंबणारी. एवढं असून १९९८ साली आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' म्हणून झाली.

कारण साल. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधाला ती लागते आणि जंगलातून सोलून आणली जाते. खोडाभोवती गोल सोलली की पानांतलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही, झाड उभ्याउभ्या वाळतं. मग बाजारात टंचाई, आणि सालीत भेसळ होते आसुपालवाची. म्हणजे सोसायट्यांच्या कुंपणाशी उभा असतो ना, तो उंच 'अशोक'. बागेतली जागा त्यानेच घेतली, औषधाच्या पुड्यातलीही त्यानेच. मला त्या झाडाचा राग नाही, पण इतका कारभार एकट्याने सांभाळावा?

सीताअशोकाचं रोप नर्सरीत मिळतं. आमच्या सोसायटीच्या सभेत विषय निघाला, तेव्हा 'पसरतो फार, गाड्या कुठे लावायच्या?' एवढ्यावर तो संपला. गेटपाशी लावायची कण्हेर त्याच सभेत एकमताने मंजूर झाली.