हिरवी फाईल

गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. आधी फोन नाही, वेळ ठरवलेली नाही. ताई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मला आता हे बंद करायचंय."

"काय बंद करायचंय?"

"हप्ते. भरणं. सगळंच."

कर्जात रुतलेल्या माणसांना फेडीचा रस्ता आखून देणं हे माझं काम. असलं वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं. पण ते बोलणाऱ्याचे तीन-चार हप्ते थकलेले असतात, वसुलीवाल्यांनी फोन करून जीव नकोसा केलेला असतो, नोकरी गेलेली असते नाहीतर घरात दुखणं असतं. ताईंच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. 84 पैकी 38 हप्ते भरलेले, एकही चुकलेला नाही, दंड नाही, नोकरी जागेवर. आमच्या यादीत त्यांची फाईल हिरवी.

या रंगांबद्दल सांगायला हवं. दोन हप्ते थकले की फाईल लाल, एक थकला की पिवळी, सगळं सुरळीत असलं की हिरवी. लाल फायली रोज सकाळी उघडायच्या, पिवळ्या आठवड्याने. हिरव्या उघडायच्याच नाहीत. "जे नीट चाललंय त्याला हात लावायचा नाही," हे आमच्या साहेबांचं ठरलेलं वाक्य. त्यांनाही दोष देता येत नाही, माणसं चार आणि फायली शेकड्यांनी. पण याचा अर्थ असा की आमच्याकडून विचारपूस हवी असेल तर आधी हप्ता बुडवावा लागतो. ताईंनी 38 महिने हप्ता बुडवला नाही, आणि 38 महिने त्यांना कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

सुरुवातीला त्यांची पाच कर्जं होती. दोन क्रेडिट कार्डं, एक वैयक्तिक कर्ज, आणि हप्त्यावर घेतलेल्या वस्तूंची दोन किरकोळ खाती. कार्डांवर त्या दर महिन्याला किमान रक्कम भरत होत्या आणि "मी तर नियमित भरते" असं मनापासून सांगत होत्या. महिना 3 टक्के व्याज आणि किमान रक्कम थकबाकीच्या 5 टक्के, असं गणित असलं की एका पैशाचीही नवी खरेदी न करता थकबाकी निम्म्यावर यायला 32 महिने लागतात. हे मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्या कितीतरी वेळ त्या कागदाकडेच बघत होत्या. मग पाचही खाती फेडून टाकणारं एकच कर्ज त्यांना मिळवून दिलं. दर वर्षाला 12 टक्के, मुदत 84 महिने. कार्डांच्या दराच्या एक तृतीयांश. तेव्हा मला माझ्या कामाचा अभिमान वाटला होता. खोटं कशाला सांगू, अजूनही वाटतो.

माझी एक सवय आहे. कुणाचंही कर्ज मी शंभरावर आणून समजावते. मोठ्या आकड्याने माणूस दबून जातो, शंभर डोक्यात मावतात. ताईंचं कर्ज शंभर धरलं तर महिन्याचा हप्ता 1.77. त्यातलं पहिल्या महिन्यात 1 व्याजातच जातं, मुद्दलातून सुटतात जेमतेम 77 पैसे. पुढे हळूहळू व्याजाचा वाटा उतरतो आणि मुद्दलाचा चढतो, पण चढतो अगदी गोगलगायीच्या चालीने. 38 हप्ते म्हणजे मुदतीची 45 टक्के वाट झाली. मुद्दल मात्र तोवर 35 टक्केच फिटतं. "एवढं भरलं तरी हलत का नाही?" हा प्रश्न त्यामुळे वेडेपणाचा नाही. खरोखरच फार हलत नाही.

असो. त्या दिवशी मी आधी जे करायचं तेच केलं, म्हणजे भाषण. किती आलात बघा, आता अर्ध्यावर सोडणार का, थकबाकीदार म्हणून नोंद झाली तर पुढे काय होईल. आमच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी मध्येच डोकावून "ताई, सकारात्मक राहायचं!" म्हणाला. त्याने त्याच्या मागच्या भिंतीवर डोंगर चढणाऱ्या माणसाचं चित्र लावलंय. ते चित्र बघून कुणाचा एक हप्तासुद्धा भरला गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पर्समधून एक चौघडी कागद काढून टेबलावर उलगडला.

तो मीच दिलेला तक्ता होता. बारा चौकोनांच्या सात ओळी, एकूण 84. हप्ता गेला की एक चौकोन रंगवायचा. घड्यांवर कागद फाटलेला आणि मागून चिकटपट्टी लावलेली, कपाटाच्या दारावरून काढल्याच्या खुणा चारही कोपऱ्यांत. पहिले चौकोन निळ्या पेन्सिलीने कडेपर्यंत भरलेले, एका रेषेबाहेर रंग गेलेला नाही. 22 व्या चौकोनात चांदणी. 25 च्या आसपास रंग पातळ होत गेलेला. तिसाच्या पुढे नुसती एकेक तिरकी रेघ. 38 वा कोरा, हप्ता गेलेला असून. आणि अगदी खाली, शेवटच्या ओळीत, 80 ते 84 या पाच चौकोनांवर लाल शाईची ठसठशीत फुली.

त्या फुल्यांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे पाच गेले म्हणाला होतात."

मला क्षणात आठवलं. बाविसाव्या महिन्यात त्यांनी दीड वर्षाच्या रात्रपाळ्यांचे साठवलेले जादा पैसे कर्जात एकरकमी भरले होते, शंभरातले 5. मला फोन करून विचारलं होतं, याने काय होईल? मी हिशोब करून सांगितलं होतं, "पाच महिने आधी सुटाल, ताई." हिशोब बरोबर होता. फोन ठेवला आणि फाईल हिरवीच असल्याने पुन्हा उघडली नाही.

"मुलीच्या प्रवेशासाठी कर्जाचा उतारा हवा होता म्हणून काढला," त्या म्हणाल्या. "त्यात उरलेले हप्ते 46 लिहिलेत. माझ्या तक्त्यावर 41 उरतात. मी तीनदा मोजले."

मी उतारा मागून घेतला. उताऱ्यात लोक तारखा बघतात आणि शेवटची शिल्लक बघतात. मी आधी मुद्दलाचा रकाना बघते आणि हप्त्याचा आकडा कुठल्या ओळीत बदलतो ते शोधते. इथे एका ओळीत सगळं कळलं. एकरकमी भरणा जमा झाल्याच्या पुढच्याच महिन्यापासून हप्ता 1.77 वरून 1.66 वर आलेला. मुदत जिथल्या तिथे.

कर्जात मध्येच जादा पैसे भरले की दोन गोष्टी होऊ शकतात. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा. आपण लेखी काही सांगितलं नाही तर देणाऱ्याच्या सोयीचं जे ठरलेलं असेल ते होतं. ताईंच्या सावकाराकडे ठरलेलं होतं हप्ता कमी करणं. यात फसवणूक नाही, करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि ते वाचायचा पगार मला मिळतो. हप्ता तोच राहिला असता तर पुढच्या व्याजातले 4 वाचले असते. तसं न झाल्याने वाचले पावणेदोन. आणि दर महिन्याला सुटलेले ते 11 पैसे घरखर्चात कधी विरघळले ते कुणाला कळलंही नाही. हप्ता थोडा उतरलेला ताईंनी पाहिला होता. "चला, व्याज कमी झालं वाटतं," म्हणून त्या खूश झाल्या होत्या.

अर्जाच्या एका ओळीचं काम होतं ते. "हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी." फोनवर पाच महिन्यांची खुशखबर सांगताना ही ओळ सांगायची राहिली. चूक माझी आहे, असं मी त्यांना तिथेच सांगितलं. शेजारच्या टेबलाकडून खाकरल्याचा आवाज आला. आमच्याकडे ग्राहकासमोर चूक कबूल करायची पद्धत नाही.

मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं मोजणं चुकलं नव्हतं." आणि बऱ्याच वेळाने खुर्चीला पाठ टेकली.

इथपर्यंत असतं तर हे लिहायला बसले नसते. चूक सापडली, दुरुस्त केली, संपलं. पण तक्त्यावरचा रंग उतारा हाती येण्याच्या कितीतरी आधी पातळ झाला होता. ते अर्जातली ती ओळ राहिल्याने झालेलं नाही. क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्ये मांडलं होतं की खाणं जवळ येईल तसा उंदीर जोरात धावतो. मधल्या वाटेवरच्या उंदराने काय करावं, हा आमच्या टेबलावरचा प्रश्न. आणि मधली वाट एवढी लांब करून ठेवली कुणी? मीच. पाच कर्जांचं एक केलं. व्याजाच्या हिशोबाने त्याहून शहाणपणाचं काही नव्हतं. पण वेगवेगळी ठेवली असती तर वस्तूंची ती दोन किरकोळ खाती पहिल्या वर्षातच मिटली असती, दोनदा "येणे बाकी नाही" असा कागद हातात पडला असता. 2012 साली गॅल आणि मॅकशेन या दोघांनी कर्जफेडीच्या योजनेतल्या लोकांच्या नोंदी तपासल्या. एकूण रकमेचा किती भाग फिटला यापेक्षा किती खाती बंद झाली यावरून माणूस शेवटाला पोचेल का याचा जास्त अंदाज येतो, असं त्यांना दिसलं. हे मला ठाऊक होतं. तरी मी दर बघितला. 84 महिन्यांत ताईंच्या हातात मिटलेलं असं काहीच पडणार नव्हतं, म्हणून तर तक्ता दिला होता. चौकोन रंगवणं म्हणजे खातं मिटणं नव्हे, हे त्यांच्या पेन्सिलीला माझ्याआधी कळलं.

मी नवा हिशोब मांडला. आज अर्ज देऊन हप्ता पुन्हा 1.77 केला तर 46 ऐवजी 43 हप्त्यांत सुटका. पाचांतले तीन महिने परत मिळतात, दोन गेले ते गेले. अर्ज मीच लिहिला, खाली सहीची जागा ठेवली, पेन पुढे केलं.

ताईंनी पेन घेतलं नाही. "हे 11 पैसे म्हणजे माझ्या खऱ्या पैशांत किती हो, मॅडम?"

मी सांगितले.

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "सव्वातीन वर्षांत मी माझ्यासाठी म्हणून एक वस्तू घेतलेली नाही. हे इतके दिवस घरात जातच होते, मला माहीतच नव्हतं. आता माहीत आहे. ते मी वेगळे काढले तर?"

मी सल्लागार आहे, त्यामुळे जे सांगायचं ते सांगितलंच. तीन महिने उशीर, त्या तीन महिन्यांचं व्याज, 12 टक्के दराचं कर्ज डोक्यावर असताना पैसे बाजूला ठेवण्यात तोटा आहे. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. त्या मान डोलावत होत्या. शेवटी अर्ज तक्त्याच्या मापाची घडी घालून पर्समध्ये टाकला, म्हणाल्या, "बघते." दाराशी जाऊन परत आल्या आणि माझ्या टेबलावरचं लाल शाईचं पेन नव्हे, निळी पेन्सिल मागून घेऊन गेल्या.

हे बंद करायचंय, ते वाक्य पुन्हा निघालं नाही. मीही काढलं नाही.

मी त्यांना जोर लावून सही करायला लावायला हवी होती का, हे मला अजून ठरवता येत नाही. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "हप्ता चालू आहे ना? मग?" 

5 तारखेला यादीत त्यांची फाईल हिरवीच होती. तरी उघडून बघितली. 39 वा हप्ता वेळेवर गेलेला होता, 1.66 चाच.