धूर इकडं, शाल तिकडं

सातारा जिल्ह्यात हिवाळ्याची चित्रपुस्तकं निवडायला बसलं की पहिला ढीग होतो तो बर्फाच्या पुस्तकांचा. पांढरी पानं, लाल टोपी, गाजराच्या नाकाचा हिममाणूस. भेट म्हणून येणाऱ्या खोक्यांत हीच जास्त असतात, दिसायलाही देखणी असतात. आमच्या वाचनालयाच्या बालविभागाची एक फिरती पेटी आहे, पत्र्याची साधी ट्रंक. डिसेंबर-जानेवारीत ती अंगणवाड्यांमध्ये आणि ऊसतोडीच्या तळांवर जाते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तीत वीसेक पुस्तकं मावतात, त्यामुळे प्रत्येक पुस्तकाला आपली जागा कमवावी लागते. कराड तालुक्यातल्या एका तळावर एका सकाळी ही पेटी उघडली आणि निवडीचे आमचे निकष तिथल्या तिथे वर-खाली झाले. त्या दिवसाचं हे टिपण.

पेटी भरण्याआधी वाचनालयातच एक चाळणी लावलेली होती. पुस्तक टेबलावर उभं करायचं, दोन मीटर मागे जायचं आणि डोळे किलकिले करून बघायचं. मुख्य पात्र दिसलं तर ठीक, नाहीतर ते पुस्तक गटवाचनाला बाद. बर्फाची पुस्तकं इथेच गळतात, कारण पांढऱ्यावर बारीक करड्या रेषेचं चित्र मागच्या ओळीतल्या पोराला कोऱ्या कागदासारखं दिसतं. बारा-पंधरा मुलं अर्धगोलात बसणार असतील तर पान निदान ए-फोर आकाराचं हवं. वीस सेंटिमीटरच्या चौकोनी पुस्तकाभोवती सहा-सात मुलांपलीकडे बसवू नये. चित्र दोन्ही पानांवर पसरलेलं असेल तर बघायचं, की पात्राचं तोंड शिवणीच्या खाचेत तर जात नाही ना. तीन-चार वर्षांच्या मुलांना पानाला दोन ओळी आणि एकूण बारा ते सोळा पानं पुरतात. पाच-सहा वर्षांची मुलं बत्तीस पानं ऐकतात, पण सलग आठ-दहा मिनिटंच.

मग चित्रातल्या गोष्टींची तपासणी. हिमस्फटिकाला सहा टोकं असतात, पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी मांडणीत बसतात म्हणून. आठ टोकांचे स्फटिक छापलेली पुस्तकं पुष्कळ सापडतात, कागद निम्म्यात निम्मा दुमडत जाऊन कातरला की आठ टोकं सहज होतात म्हणून असेल. ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन एकाच हिमखंडावर उभे असतील तर तेही चूक, कारण एक उत्तर ध्रुवाकडचं आणि दुसरा दक्षिण गोलार्धातला. अशा चुकीपायी पुस्तक फेकून देऊ नये, पण वाचणाऱ्याला ती माहीत हवी.

तळावर पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, पहाटेच फडात गेलेले. पाचटाच्या (उसाच्या वाळल्या पाल्याच्या) आणि ताडपत्रीच्या कोप्यांपुढे, म्हणजे झोपड्यांपुढे, म्हातारी माणसं, लहान पोरं आणि त्यांना सांभाळणारी त्यांच्याहून जराशीच मोठी पोरं. बहुतेक कुटुंबं बीडकडची, काही घरांत बंजारा बोली. दव अजून वाळलेलं नव्हतं, म्हणून पुस्तकं लगेच बाहेर काढली नाहीत. गुळगुळीत आर्ट पेपर दमट झाला की पानं एकमेकांना चिकटतात आणि ओढली की रंगाचा पापुद्रा निघतो. उन्हं अंगणात आल्यावर सतरंजी टाकली. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन आग्नेयेकडून तिरपं येतं, लॅमिनेशन केलेल्या पानावर पडलं की निम्म्या मुलांना नुसती चमक दिसते. म्हणून मुलांना उत्तरेकडे तोंड करून बसवलं, ऊन त्यांच्या पाठीला, आणि पुस्तक किंचित पुढे झुकवून धरलं. वाऱ्याने पानं उलटू नयेत म्हणून वर कपडे वाळत घालायचा चिमटा.

पहिलं पुस्तक बर्फाचं, आणि त्यातलं सगळ्यांत भरवशाचं. एझ्रा जॅक कीट्स यांचं १९६२ सालचं ‘द स्नोई डे’. १९६३ मध्ये त्याला चित्रपुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं कॅल्डेकॉट पदक मिळालं. इंग्रजी पुस्तक उघडून गोष्ट मराठीत सांगायची. गटाला ते चालतं, कारण लाल कपड्यातला पीटर हा मुलगा आणि मोकळा पांढरा कागद, दोन्ही लांबून उठून दिसतात. मुलं शांत बसली, पण वरात बघावी तशी. बर्फात पावलं उमटली, काठीनं झाड हलवलं, कुणी काही बोललं नाही. हललं ते एकाच जागी. पीटर बर्फाचा गोळा खिशात ठेवतो आणि रात्री झोपण्याआधी बघतो तर खिसा रिकामा. पुढच्या ओळीतली एक पोरगी लगेच म्हणाली, “खिसा वल्ला झाला आसंल की.” अख्ख्या पुस्तकात तिला हाताने तपासता येईल अशी ती पहिली गोष्ट होती.

तिथंच पुस्तक मिटून थर्मासमधला बर्फ काढला. हा प्रयोग बर्फाच्या प्रत्येक पुस्तकाला जोडून करावा, त्याशिवाय चित्रातलं पांढरं नेमकं काय आहे ते कळत नाही. फ्रिजमधला खडा पारदर्शक असतो. तोच किसणीवर किसला की पांढरा होतो, कारण बारीक कणांच्या असंख्य पृष्ठभागांवर उजेड सगळीकडे विखुरतो. आभाळातून पडलेला बर्फ पांढरा दिसतो तोही याच कारणानं. मग स्टीलचा पेला बाहेरून कोरडा पुसून त्यात तीन भाग बर्फाचा चुरा आणि एक भाग मीठ घालून ढवळायचं. दहा-पंधरा मिनिटांत पेल्याच्या बाहेर पांढरी खरखरीत साय धरते. पेला आधीच ओला असेल तर खरखरीत थर न येता काचेसारखा बर्फ धरतो. हवा फार कोरडी असेल तर काहीच धरत नाही, तेव्हा पेल्यावर दोन-तीनदा श्वास सोडायचा. ओलं बोट किंवा जीभ लावू द्यायची नाही, चिकटते. आणि बर्फ घरच्या फ्रिजमधलाच न्यायचा. मासळी बाजारातली लादी स्वस्त पडते खरी, पण मुलं तो खाणार हे गृहीतच धरावं.

हीच पांढरी साय महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात कडाक्याच्या पहाटे गवतावर नि गाड्यांच्या टपांवर दिसते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आभाळाकडे सोडतात आणि वरच्या हवेपेक्षाही गार होतात. म्हणून तापमापकात पारा शून्याच्या थोडा वर असला तरी पानावरचं दव गोठतं. बर्फाचं पुस्तक आपल्या जिल्ह्याशी जोडायचं तर हा दुवा पुरेसा आहे.

दुसरं पुस्तक इथल्याच गावातल्या थंडीचं होतं. पहाट, शेकोटी, शाल पांघरलेले आजोबा, हात शेकणारी मुलं. गावाकडचं आहे म्हणून पेटीत सहज आलेलं. तिसऱ्याच पानावर पाचेक वर्षांचा एक मुलगा उठून पुस्तकाजवळ आला, चित्रावर बोट ठेवलं.

“बाई, धूर इकडं चाललाय अन् शाल तिकडं.”

खरंच होतं. धूर डावीकडे वळलेला, आजोबांच्या शालीचं टोक उजवीकडे फडफडत होतं. वाचनालयातल्या चाळणीतून, आठ टोकं मोजणाऱ्या नजरेतून, हे पान तसंच पुढे आलं होतं. मग बाकीची पोरंही सरसावली. एकाने सांगितलं की एवढा धूर म्हणजे लाकूड ओलं, वाळलं पाचट टाकलं तर भडका होतो, धूर नाही. दुसरीचं म्हणणं, पोराचे तळवे जाळाकडे आहेत ते बरोबर, पण त्याची पाठ उघडी आहे, पाठीला गार लागतं. तिने स्वतः फिरून दाखवलं, आधी पोट शेकायचं, मग पाठ. बर्फाच्या पुस्तकापुढे गप्प बसलेला गट इथे कलावंताची उलटतपासणी घेत होता.

निवडीचा खरा निकष इथं सापडतो. थंडीचं पुस्तक चांगलं की नाही हे पानावर बर्फ आहे का, यावर ठरत नाही. थंडीत अंग काय करतं आणि हवा काय करते हे चित्रात आहे का, आणि मुलाला ते तपासता येतं का, एवढं बघावं. खांदे कानांकडे ओढलेले आहेत का? हात काखेत आहेत का? तोंडातून वाफ निघते का? वाफेचं पान आलं की मुलं आपोआप हाऽऽ करून बघतात, ते पान जमलं समजावं. दूरवरचा डोंगर धुक्यामुळे फिकट काढलाय का, की पावसाळ्यासारखा हिरवागार? विहिरीच्या पाण्यावर वाफ दाखवली असेल तर ती चूक नाही. जमिनीखालचं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाला राहतं, त्यामुळे पहाटे मोटारीचं पाणी हवेपेक्षा कोमट लागतं. तळावरच्या पोरांना हे सांगावं लागलं नाही, त्यांनीच सांगितलं.

सावल्याही बघाव्यात. जानेवारीच्या सुरुवातीला साताऱ्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून पन्नासेक अंशांवरच असतो. एक मीटर उंचीच्या मुलाची सावली तेव्हाही साधारण ८५ सेंटिमीटर पडते, उत्तरेकडे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती पायाखाली जाते. हिवाळ्याच्या पुस्तकात दुपारी पायाखाली सावली काढलेली असेल तर चित्रकाराने उन्हाळ्यातला फोटो समोर ठेवला होता असं समजायला हरकत नाही. पुस्तकानंतर दोरी आणि खडू घेऊन सावली मोजणं हा तीन वर्षांच्या मुलालाही जमणारा खेळ आहे.

धूर-शालीचं पुस्तक मात्र पेटीतून काढलं नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी ते उलट वर आलं. तीन वर्षांच्या मुलांना त्या पानावर नुसती शेकोटी दिसते, तेही चालतं.

तिसऱ्या पुस्तकाचा प्रश्न वेगळा होता. पहाटेची वेळ, गोधडीत आई आणि तिला बिलगलेलं मूल, बाहेर कोंबडा. तळावर आई पहाटे चारच्या सुमारास फडात गेलेली असते. हे पान उघडल्यावर एक लहानगा रस्त्याकडे बघायला लागला. असं पुस्तक अशा ठिकाणी न्यावंच का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. माझं मत असं, की न्यावं, पण पहिलं वाचू नये, आणि आई परतायला बराच वेळ असताना तर नाहीच. दुपारी गाडीवर वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, लादून बाया परततात, त्या सुमाराला ते वाचलं की मुलं त्यात रमतात. त्या दिवशी आम्ही ते तिथेच बाजूला ठेवलं आणि मदतनीस मावशींकडे दुपारसाठी दिलं.

वेगवेगळ्या बोलींच्या गटाला बिनशब्दांची पुस्तकं सोयीची असतात, प्रत्येक मूल आपल्या भाषेत पान सांगतं. पण इथेही आकार आडवा येतो. रेमंड ब्रिग्ज यांचं १९७८ चं ‘द स्नोमॅन’ बिनशब्दांचं आहे, मात्र त्यात एकेका पानावर लहान लहान चौकटी आहेत. मांडीवर एक आणि शेजारी एक, एवढ्याच मुलांना ते पोचतं. गटासाठी प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या ऑनलाइन संग्रहातल्या मराठी गोष्टी सोयीच्या पडतात. २०१५ पासून तो खुला आहे आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे लेखक-चित्रकारांची नावं ठेवून पानं छापून घेता येतात. ए-थ्री आकारात छापताना एक काळजी घ्यावी. झेरॉक्सच्या दुकानात पहाटेचा निळा रंग जांभळट आणि गडद येतो, तेव्हा आधी एकच पान काढून बघावं आणि उजळपणा वाढवून मगच बाकीची छापावीत. कागद १३० जीएसएमचा मॅट घ्यावा, चकचकीत नको. बांधणीला पिना न मारता मध्ये तीन भोकं पाडून मेणाचा दोरा ओवावा. दवाने पिना गंजतात आणि मधल्या पानांवर तांबूस डाग पसरतात. जुन्या ग्रंथालयांत सोव्हिएत काळातल्या रादुगा आणि प्रगती प्रकाशनाची मराठी पुस्तकं अजून मिळतात. त्यांतली हिमाची चित्रं फार सुंदर, पण कागद ठिसूळ झालेला असतो, ती वाचनालयातच दाखवावीत.

गाळप हंगाम साधारण मार्चपर्यंत चालतो, पण थंडी फेब्रुवारीतच उतरते, त्यामुळे पेटी फार काळ एका जागी ठेवून उपयोग नाही. त्या तळावर शेकोटीचं, विहिरीचं आणि हुरड्याचं अशी तीन पुस्तकं सेविकाताईंकडे ठेवली, आणि किसणी. बाकीची पेटी खटाव तालुक्यात मायणीकडे गेली. तिथल्या तलावावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, म्हणून त्या पेटीत बर्फाच्या पुस्तकांच्या वर पाणपक्ष्यांचं एक पुस्तक ठेवलंय. त्यातल्या रोहिताचा गुडघा उलटा वाकलेला दिसतो. तो गुडघा नसून घोटा असतो, हे वाचणाऱ्या ताईंसाठी मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय.